अर्ज कोणत्या भाषेत करावा?

७ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या आरे वसाहतीतील वृक्षतोड थांबवली, ती कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या पत्रावरून. तोवर २,१४१ झाडे पडली होती, हे खरेच. तरी पत्राचीही याचिका होऊ शकते, हे त्या मुलांना ठाऊक होते. पुढे मार्च २०२४ मध्ये माळढोकाच्या प्रकरणात (पक्ष्याने माणसाला हक्क मिळवून दिला म्हणायचा!) त्याच न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क अनुच्छेद १४ व २१ मध्ये असल्याचे मान्य केले.

हा हक्क माजलगावच्या मुलाने मागायचा कसा? २०१६ चा दुष्काळ आणि २०२५ ची अतिवृष्टी त्याच्या एकाच बालपणात मावली आहेत. आईबाप ऊसतोडीला निघाले की पुष्कळदा त्याचीही शाळा सुटते. सांगण्यासारखे त्याच्यापाशी पुष्कळ आहे. पण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचे कामकाज अनुच्छेद ३४८ नुसार इंग्रजीत चालते. तालुक्याच्या न्यायालयात मराठी चालते, तर तेथे रिट याचिका दाखल होत नाही.

ग्रामीण साहित्याच्या तासाला आम्ही दुष्काळाच्या वर्णनांतील कारुण्य शिकवतो. तक्रारअर्ज मात्र व्यावहारिक मराठीच्या कोपऱ्यात ढकलतो. आमच्या मते तारीख, गट नंबर, कोरड्या विहिरीची खोली नेमकी नोंदवणारे गद्य शिकवणे हेही मराठी विभागाचेच काम आहे. इंग्रजी भाषांतर वकील करील. मूळ मजकूर तरी मुलाचा हवा.