मतभेद वाचावे कसे? : एका दुर्लक्षित चित्रपटाच्या निमित्ताने

एकाच कलाकृतीविषयी दोन रसिकांची मते जुळली नाहीत, की ‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ असे म्हणून आपण विषय संपवतो. साहित्याच्या अभ्यासकाला तेथे थांबता येत नाही. मतभेद कलाकृतीतील नेमक्या कोणत्या घटकावर उभा आहे आणि तो कोणत्या शब्दांत व्यक्त झाला आहे, हे त्याला पाहावे लागते. या विवेचनासाठी मी मुद्दाम मराठीबाहेरचे आणि फारसे चर्चेत नसलेले उदाहरण निवडले आहे. त्याचे तयार उत्तर कोणत्याही ‘गाईड’मध्ये मिळणार नाही.

‘पीपल आय नो’ हा तो अमेरिकी चित्रपट. नाटककार जॉन रॉबिन बाइट्झ यांनी तो लिहिला आणि डॅनियल अल्ग्रांट यांनी दिग्दर्शित केला. न्यूयॉर्कमधील ईलाय वुरमन हा नटनट्यांची प्रसिद्धी सांभाळणारा, आपल्याकडच्या भाषेत ‘पीआरओ’. अॅल पचिनो यांनी ही भूमिका केली आहे. तारुण्यात नागरी हक्कांच्या चळवळीने भारावलेला हा माणूस आता गोळ्यांच्या आधारावर दिवस ढकलतो. हाताशी एकच मोठा अशील उरला आहे. त्या अशिलाच्या सांगण्यावरून एका तरुणीला शहराबाहेर पाठवण्याची जबाबदारी तो घेतो, आणि त्याच रात्री तिचा खून होतो. चित्रपटाचे चित्रीकरण ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यापूर्वीचे. हल्ल्यानंतर वर्ल्ड ट्रेड सेंटरचे एक दृश्य वगळण्यात आले, प्रदर्शन लांबले आणि २००३ मध्ये अमेरिकेतील चित्रपटगृहांत आलेला हा चित्रपट फारसा कोणाच्या लक्षात न येता निघून गेला.

ज्यांनी तो पाहिला, त्यांच्यात एकमत नाही. काहींना तो रेंगाळलेला वाटतो. खुनाचा धागा हाती देऊन चित्रपट त्याचा पाठपुरावा करत नाही, राजकीय कारस्थान धूसरच राहते, अशी त्यांची तक्रार असते. इतरांना तीच संथ गती अर्थपूर्ण वाटते. एका झिजलेल्या माणसाचे चित्र असेच रंगवायला हवे, असे ते म्हणतात. येथे शब्दांकडे लक्ष द्या. ‘संथ’ आणि ‘रेंगाळलेला’ ही दोन्ही विशेषणे एकाच गुणधर्माकडे बोट दाखवतात. पहिल्यात वर्णन अधिक आहे, दुसऱ्यात निवाडा. पहिल्या प्रेक्षकाने रहस्यपट पाहायला सुरुवात केली होती, दुसऱ्याने व्यक्तिचित्र. जर्मन अभ्यासक हान्स रॉबर्ट याउस यांनी मांडलेली ‘अपेक्षांचे क्षितिज’ ही संकल्पना येथे उपयोगी पडते. वाचक किंवा प्रेक्षक कोऱ्या मनाने येत नाही. आधी पाहिलेल्या, वाचलेल्या कृतींनी घडवलेली अपेक्षा तो बरोबर आणतो.

दुसरा वाद ईलायच्या बोलण्याविषयी होऊ शकतो. तो मूळचा दक्षिणेकडील जॉर्जिया राज्यातला, आणि पचिनो यांनी त्याच्या बोलण्याला तिकडचा हेल दिला आहे. कोणाला तो ओढूनताणून आणलेला वाटेल, कोणाला स्वाभाविक. भाषाविज्ञानाच्या दृष्टीने विचारायचा प्रश्न वेगळा आहे : अर्धे आयुष्य परक्या शहरात काढलेल्या माणसाच्या जिभेवर गावाचा हेल किती उरतो? त्याचे प्रमाण ठरलेले नसते. समोर कोण आहे, प्रसंग कोणता आहे, यानुसार ते बदलते. नागपूरहून पुण्यात आलेल्या माणसाचे कचेरीतले बोलणे आणि घरी फोनवरचे बोलणे आठवून पाहा. म्हणून ‘हेल खोटा आहे’ एवढे म्हणून भागत नाही. कोणत्या प्रसंगी तो खोटा वाटतो, हे दाखवावे लागते.

मतांना काळाचाही संदर्भ असतो. प्रसिद्धीच्या याच धंद्यावरील ‘स्वीट स्मेल ऑफ सक्सेस’ हा १९५७ चा चित्रपट प्रदर्शनाच्या वेळी तिकीटबारीवर पडला. पुढे तो अमेरिकी चित्रपटातील महत्त्वाच्या कृतींत गणला जाऊ लागला. अर्थात दुर्लक्षित राहिलेली प्रत्येक कृती श्रेष्ठच असते, असा निष्कर्ष यातून काढू नये.

मग सगळीच मते सारखी का? माझ्या मते, नाही. ‘पीपल आय नो’मधील कारस्थानाचा भाग कच्चा आहे, हा आक्षेप मला मान्य आहे, शक्तिशाली माणसे तेथे ठसठशीतपणे उभी राहत नाहीत. पण चित्रपट केवळ थकव्याचे प्रदर्शन मांडतो, हे मत मला टिकणारे वाटत नाही. खून झालेल्या रात्रीनंतरही ईलाय स्थलांतरितांच्या मदतीसाठी आखलेल्या समारंभाची तयारी करत राहतो. बड्या पाहुण्यांनी यावे म्हणून तो आर्जवे करतो. त्याच्या आयुष्यातले शेवटचे चांगले काम आणि त्याची शेवटची लाचारी एकाच कृतीत गुंतली आहेत. थकवा त्याला निर्दोष ठरवत नाही. न पाहिल्यासारखे करण्याची सोय मात्र पुरवतो. हे ज्याला दिसले, त्याला चित्रपटाची गती खटकली तरी ती निरर्थक वाटणार नाही.

आपल्यापैकी अनेक जण दिवसभर नोकरी करून रात्री ही पुस्तिका उघडतात. मनाविरुद्ध दुसऱ्याची बाजू सावरणे म्हणजे काय, हे आपल्याला ठाऊक असू शकते, आणि तो अनुभव आस्वादात उतरणारच. तो लपवून गाईडमधले मत उतरवण्याचे कारण नाही. मात्र अनुभवाला संहितेचा आधार द्यावा लागतो. ‘कथा परिणामकारक आहे’ असे वाक्य उत्तरपत्रिकेत लिहिले गेले, की पुढच्याच वाक्यात परिणाम कोणता आणि तो कोणत्या प्रसंगामुळे झाला, हे लिहावे. परीक्षकाचे मत वेगळे असेल, तरी आपले मत कोठून आले हे त्याला तपासता येईल.