‘खुदाच्या कामात ढवळाढवळ’ म्हणून हात झटकू नका

जनुकांवरच्या उपचाराची बातमी आली की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. पहिली, ‘सुभानअल्लाह, हे सगळं चौदाशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय.’ दुसरी, ‘तौबा, ही तर खुदाच्या कामात ढवळाढवळ. हराम!’ मूळ बातमी दोघांनीही वाचलेली नसते. पहिल्या प्रतिक्रियेने फारसं बिघडत नाही. दुसरीने बिघडतं, म्हणून तिच्याबद्दल बोलू.

हराम म्हणणारे सूरह निसाच्या ११९व्या आयतीकडे बोट दाखवतात. माणसांना भुलवून मी त्यांना अल्लाहच्या निर्मितीत बदल करायला लावीन, अशी सैतानाची धमकी तिथे आहे. पण त्याच आयतीत जनावरांचे कान कापण्याचा उल्लेख आहे. देवतांच्या नावाने सोडलेल्या जनावरांचे कान चिरण्याची अरबांची जुनी प्रथा होती, तिचा हा संदर्भ. इथे ‘निर्मिती’ म्हणजे शरीर की अल्लाहचा दीन, यावर मुफस्सिरांमध्ये सुरुवातीपासून मतभेद आहेत. इमाम तबरींनी दीन हा अर्थ उचलून धरला. शरीरातला प्रत्येक बदल असा सरसकट अर्थ घ्यायचा तर बाळाचा फाटलेला ओठ शिवणंही त्यात येईल, आणि खतनाही. तसं कुणी म्हणत नाही. म्हणजे फरक करावाच लागतो : बदल इलाजासाठी आहे की हौसेसाठी?

हा फरक फकीहांनी केव्हाच केला आहे. मक्केच्या इस्लामी फिकह परिषदेने १९९८ मध्येच आजार टाळण्यासाठी आणि बरा करण्यासाठी जनुक-अभियांत्रिकीचा वापर जायज ठरवला. अट अशी की त्यातून आणखी मोठं नुकसान होऊ नये. माणसाच्या व्यक्तिमत्त्वाशी खेळ करायला मात्र मनाई केली. म्हणजे आपल्या ग्रुपवरचे मुफ्ती मक्केच्याही पुढे गेले आहेत!

आता प्रत्यक्ष उपचार बघा. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने सिकलसेल आणि थॅलेसेमियावरच्या कॅसजेव्ही या उपचाराला मान्यता दिली. पुढच्याच महिन्यात बहारीनने आणि जानेवारी २०२४ मध्ये सौदी अरेबियाने. यात रुग्णाच्याच मूळपेशी बाहेर काढून क्रिस्परने बीसीएल११ए या जनुकाचा एक स्विच बंद करतात. मग आईच्या पोटात असताना जे हिमोग्लोबिन बनत होतं, ते पुन्हा बनू लागतं. बाहेरचं जनुक घातलं जात नाही. मुळात दिलेलीच, जन्मानंतर थांबलेली गोष्ट पुन्हा सुरू होते. याला सैतानाचं काम म्हणणाऱ्याने निदान हे समजून तरी घ्यावं.

इन्सुलिनचंही तसंच. पूर्वी ते डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातून काढत. माणसाचं जनुक जिवाणूत घालून बनवलेल्या इन्सुलिनला १९८२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि डुकराच्या इन्सुलिनचा प्रश्नच उरला नाही. तो बदल माणसात नव्हता, जिवाणूत होता, हे खरं. पण तंत्र याच घराण्यातलं. आज आपल्या घरातले कितीतरी बुजुर्ग तेच इन्सुलिन घेऊन जगतात, आणि त्यांचीच मुलं ग्रुपवर ‘हराम’ टाकतात.

मग धर्माने यात बोलूच नये का? जरूर बोलावं, पण जिथे बोलायला हवं तिथे. २०१८ मध्ये चीनमध्ये हे जियानकुई या संशोधकाने भ्रूणांची जनुकं बदलली आणि जुळ्या मुली जन्माला आल्या. एचआयव्हीपासून बचाव हे कारण सांगितलं, पण त्यासाठी सुरक्षित मार्ग आधीच उपलब्ध होते. त्याला तीन वर्षांची कैद झाली. आम्ही सॉफ्टवेअरवाले चुकीचा बदल मागे घेऊ शकतो. भ्रूणातला बदल मात्र पुढच्या पिढ्यांत उतरू शकतो, आणि ज्यांच्यावर तो लादला त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. नुकसान आणि संमती, हे फिकहचे अस्सल प्रश्न आहेत.

तिसरा प्रश्न न्यायाचा. कॅसजेव्हीची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. हा इलाज फक्त शेखांच्या मुलांनाच मिळणार असेल तर अदल कुठे राहिला? स्वस्तात होऊच शकत नाही असंही नाही. मुंबईच्या आयआयटी आणि टाटा मेमोरियलमधल्या संशोधनातून रक्ताच्या कर्करोगावरचा नेक्सकार१९ हा उपचार उभा राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मान्यता मिळाली. रुग्णाच्या टी-पेशींत जनुक घालूनच तो होतो. परदेशात कोटींत जाणारा खर्च इथे लाखांत आला. तोही सामान्य माणसाला परवडत नाहीच. त्यासाठी आवाज उठवा ना! सरकारी योजनेत असे उपचार यावेत म्हणून निवेदन द्यायला कुणाचा फतवा लागत नाही.

आणि घरचं काय? भारतात दरवर्षी सुमारे १० हजार मुलं थॅलेसेमिया मेजर घेऊन जन्मतात. अशा मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, तेही आयुष्यभर. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात हा धोका २५ टक्के असतो. चाचा-मामू-खालाच्या मुलांत निकाह झाले की दोघेही एकाच दोषाचे वाहक असण्याची शक्यता वाढते. शरियतने अशा निकाहाला परवानगी दिली आहे, सक्ती नाही. वाहक आहोत की नाही, हे रक्ताच्या एका साध्या एचबीए-२ तपासणीत कळतं. वलीम्याच्या खर्चापुढे तिचा खर्च काहीच नाही. इराणने लग्नाआधीची तपासणी १९९७ मध्ये आणि सौदीने २००४ मध्ये सक्तीची केली. आपल्याकडे मात्र ‘मुलीत काही खोट आहे का?’ असं लोक विचारतील, म्हणून रिपोर्ट लपवले जातात. ही भीती दीनची नाही, लोकलाजेची आहे.

तेव्हा दोस्तहो, तुमचं किंवा बहिणीचं लग्न ठरत असेल तर मेहेरची बोलणी होण्याआधी दोघांची तपासणी करून घ्या. मोहल्ल्याच्या इमामसाहेबांना भेटा, एका जुम्याच्या बयानात हा विषय घ्यायची विनंती करा. आणि पुढच्या वेळी ग्रुपवर कुणी ‘हराम’ लिहिलं तर नम्रपणे विचारा, ‘कोणता उपचार? कोणत्या पेशी? कुणाचा फतवा?’ मनानेच हलाल-हराम ठरवणाऱ्यांना सूरह नहलच्या ११६व्या आयतीत सक्त ताकीद आहे. फॉरवर्ड करण्याआधी तीही एकदा वाचावी.