नख बरं का होत नाही?

पायाचं नख जाड झालं, पिवळं पडलं, कडेने भुगा सुटू लागला, तरी आपल्याकडे कुणी ते मनावर घेत नाही. दुखत नाही ना, मग झालं! माझ्या कानडी सासूबाई तर नखाच्या प्रत्येक दुखण्याला ‘उगुरुसुत्तु’च म्हणतात. पण उगुरुसुत्तु म्हणजे आपलं नखुरडं. त्यात नखाभोवतीचं मांस सुजतं, ठणकतं. मी सांगतेय ती बुरशी खुद्द नखात घर करते.

हा विषय निघाला सुरतच्या फोनवरून. माझी मावसबहीण तिथे लिंबायतला असते. लिंबायत-उधना भागात मराठी वस्ती मोठी. तिचे यजमान यंत्रमागावर आहेत. बारा तासांची पाळी, उकाडा, अंगाला चिकटलेले घामाचे कपडे. इचलकरंजी-सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. त्यांना आधी जांघेत गजकर्ण झालं. दुकानातून चिठ्ठीशिवाय ट्यूब आणली. दोन दिवसांत खाज थांबली, महिन्याभरात गजकर्ण दुप्पट पसरलं, मुलांनाही झालं. मग पायाची दोन नखं गेली. टर्बिनाफिनच्या गोळ्या घेऊनही फरक पडेना.

अशा ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर बहुधा स्टेरॉइड असतं. ते लाली आणि खाज दाबतं, पण कातडीची प्रतिकारशक्तीही दाबतं. वरून बरं वाटतं, आत बुरशी वाढत राहते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी ती सहज मिळतात. ट्यूबवर क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन हे नाव दिसलं, तर गजकर्णावर ती लावू नका.

दरम्यान बुरशीही बदलली. टर्बिनाफिन बुरशीच्या एका विकरावर बसून तिची वाढ रोखतं. त्या विकराच्या जनुकात छोटासा बदल झाला की औषध तिथे नीट बसतच नाही. भारतात पसरलेल्या अशा चिवट बुरशीला २०२० मध्ये जपानमधल्या संशोधकांनी ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ हे नाव दिलं. नावातच आपला देश आहे! २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्येही तिचे दोन रुग्ण नोंदले गेले. ही बुरशी मुख्यतः कातडीवर येते, क्वचित नखातही सापडते.

पण नख सुधारलं नाही म्हणजे बुरशी चिवटच, असं मात्र नाही. हाताचं नख पूर्ण नवं यायला साधारण सहा महिने लागतात, पायाच्या अंगठ्याचं बारा ते अठरा महिने. पायाच्या नखासाठी गोळ्या सहसा बारा आठवडे असतात. बरेच जण महिन्याभरात कंटाळून सोडतात. शिवाय खराब दिसणाऱ्या नखांपैकी जवळपास निम्म्यांत बुरशी नसतेच. सोरायसिस असतो, नाहीतर चपलेचा मार. म्हणून आधी नखाचा तुकडा तपासून घ्यावा. पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये भिजवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची ही तपासणी सोपी आहे. शंका उरली तर कल्चर करतात.

सुरतेत तेच केलं. बुरशी निघाली. डॉक्टरांनी औषध बदलून इट्राकोनॅझोल दिलं, यकृताची तपासणी केली आणि बाधा झालेल्या सगळ्यांवर एकदमच उपचार सुरू केले. पंचे वेगळे झाले, कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळू लागले. कातडी निवळली आहे; नख अजून अर्धंच आलंय.

घरात कुणाला मधुमेह असेल तर आज त्यांचे पाय बघा. जाड, बोचऱ्या नखाने झालेली छोटी जखमही त्यांना महागात पडते. आणि शेजारणीने दिलेली उरलेली ट्यूब, ती कितीही मायेने दिलेली असो, वापरू नका.