पात्र कोण, हे कोण ठरवणार?



समाजकार्याच्या अभ्यासक्रमात अमेरिकेतल्या जुन्या सुधारणा चळवळींचे शब्द आम्ही पाठ केले, परीक्षेत लिहिले आणि बाजूला ठेवले. शहापूरला काम करताना ते मला रोज मराठीत भेटतात.

१८७७ साली बफेलो शहरात अमेरिकेतली पहिली ‘चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी’ निघाली. या मंडळींनी गरिबांचे दोन गट मानले : मदतीला लायक आणि नालायक. हे ठरवायला सुखवस्तू घरांतल्या बाया गरिबांच्या घरी जात. त्यांना ‘फ्रेंडली व्हिजिटर’ म्हणत. भेट मैत्रीची, पण हातात चौकशीची वही. घर नेटके आहे का, दारू कोण पितो, बाईची चालचलणूक कशी? मजुरी इतकी कमी का, हे मात्र मालकाला विचारले जात नसे.

पुढे दुसरा शब्द आला, ‘सेटलमेंट’. १८८९ साली जेन अ‍ॅडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी शिकागोत हल हाउस सुरू केले. वस्तीला भेट देऊन परतायचे नाही, तिथेच राहायचे. शेजारीण झाल्यावर प्रश्नही बदलले : कामाचे तास, बालमजुरी, न उचललेला कचरा. तिथे राहणाऱ्या फ्लॉरेन्स केली यांच्या धडपडीतून १८९३ साली इलिनॉय राज्यात कारखाना कायदा झाला.

अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२६ साली मुंबईत नागपाडा नेबरहुड हाउसचे काम सुरू केले, ते याच धर्तीवर. त्यातूनच १९३६ साली समाजकार्याची शाळा निघाली, आजची टाटा समाजविज्ञान संस्था. आमच्या शिक्षणात चौकशीची वहीही आली आणि शेजारही आला.

आज ‘लायक’चे ‘पात्र’ झाले आहे. २०२४ साली लाडकी बहीण योजना आली. २१ ते ६५ वयाच्या, कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या बायांना दरमहा १५०० रुपये. पैसा बाईच्या स्वतःच्या खात्यात येतो, याचे मोल रोवणीला जाणाऱ्या बाईला विचारावे. पण २०२५ मध्ये ई-केवायसीसाठी नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला. नवऱ्याने टाकलेली, वडील वारलेली बाई कोणाचा क्रमांक देणार? लाड करणे मर्जीवर असते. याच महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा शब्द होते ‘मागेल त्याला काम’. तिथे मागणे हीच पात्रता होती.

आपल्या संघटनाही सर्वेक्षणाचे अर्ज भरून घेतात. ते एकदा काढून पाहू या. त्यात बाईला किती प्रश्न आहेत आणि मालकाला, कचेरीला किती? आणि एक मागणी गावोगावच्या ग्रामसभेत लावून धरू या : अपात्र ठरलेल्या प्रत्येक बाईला त्याचे कारण लेखी मिळाले पाहिजे, आणि त्यावर दाद मागायची जागा तालुक्यातच असली पाहिजे.