शेताची सीमा वाचता आली पाहिजे

ड्रोनद्वारे फवारणी असो, मृद नमुन्यांची नोंद असो वा उपग्रह प्रतिमांवरून पिकांचे निरीक्षण. या कामांना शेताच्या सीमेची अंकीय नोंद लागते. ती कोणत्या स्वरूपात जतन करावी, याकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. विस्तार कार्यकर्त्यांनी ही नोंद साध्या मजकूर-फाइलीत ठेवावी आणि तिची प्रत शेतकऱ्यास द्यावी, असे आमचे मत आहे.

दीर्घकाळ प्रचलित असलेली शेपफाइल हा प्रत्यक्षात किमान तीन फाइलींचा संच असतो. पाठवताना त्यांपैकी एक राहून गेली, तरी नोंद अपुरी ठरते. शिवाय तिच्यातील सीमाबिंदू केवळ यंत्राला उमगणाऱ्या द्विमान संकेतांत असतात. याउलट केएमएल (२००८ पासून खुले मानक) आणि जिओजेसॉन (मानक २०१६) या फाइली कोणत्याही साध्या मजकूर संपादकात उघडून वाचता येतात.

जे वाचता येते, ते तपासताही येते. बोलताना आपण ‘अक्षांश-रेखांश’ म्हणतो. या दोन्ही स्वरूपांत मात्र रेखांश आधी लिहितात. नागपूरसाठी ७९.०९, २१.१५ असा क्रम हवा. तो उलटला, तर शेत थेट उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात, म्हणजे जागतिक बियाणे भांडार असलेल्या प्रदेशात जाऊन बसते! ही चूक तत्काळ लक्षात येते. बांधाचा एखादा कोपरा सुटला, तर ती येत नाही. मग तणनाशक शेजाऱ्याच्या उभ्या पिकावर पडू शकते.

म्हणून तीन गोष्टी पाहाव्यात. पहिला आणि शेवटचा बिंदू एकच असावा, म्हणजे सीमा बंद होते. दशांशानंतर सहा अंक पुरेत. सहावा अंक सुमारे ११ सेंटिमीटर दर्शवतो, तर साध्या मोबाइलच्या मोजणीत काही मीटरची तफावत असते. अधिक अंकांनी अचूकता वाढत नाही. आणि बांधावर उभे राहून प्रत्येक कोपरा शेतकऱ्यासमक्ष पडताळावा.

ही फाइल भूमी अभिलेख विभागाच्या मोजणीचा पर्याय नव्हे, हेही स्पष्ट सांगावे. तथापि, आपल्या जमिनीची नोंद स्वतः उघडून पाहू शकणारा शेतकरी त्यातील चूक वेळीच दाखवून देऊ शकतो. तंत्रज्ञानावरील विश्वासाचा पाया तोच आहे.