शिल्लक लाकूड कोणाचे?

कोथरूडच्या टेकड्यांवरील गिरिपुष्पाची झाडी ऑगस्टमध्ये गर्द हिरवी असते. फेब्रुवारीत तीच निष्पर्ण होते. उपग्रहाचे छायाचित्र कोणत्या महिन्याचे, यावर लाकडाचा आकडा खाली-वर होतो. तज्ज्ञांना हे ठाऊक आहे व त्यावर त्यांच्याकडे तोडही आहे. खरी मेख आहे ती ‘शिल्लक’ या निरुपद्रवी दिसणाऱ्या शब्दात.

हिशेबाची रीत अशी : नकाशावर झाडोरा वेगळा काढायचा, दर हेक्टरी वार्षिक वाढ धरायची, ‘ज्ञात वापर’ वजा करायचा आणि नियोजित वीजकेंद्राभोवती, समजा, ५० किलोमीटरचे वर्तुळ आखून आत उरेल तो ‘उपलब्ध पुरवठा’ म्हणायचा. कोथरूड मध्य धरून असे वर्तुळ आखले, तर मुळशी, मावळ, वेल्ह्याचे डोंगर त्यात येतात. तेथे तोडलेल्या फांद्या भातरोपांच्या राबासाठी जातात, वाळक्या काटक्या बायकांच्या डोक्यावरून चुलीपर्यंत पोहोचतात, आणि नकाशावरचे काही हिरवे ठिपके म्हणजे देवराया असतात. यांपैकी कशाचीही पावती फाटत नाही. पावती नाही म्हणून वापर नाही. वापर नाही म्हणून शिल्लक! गरिबाची गरज कागदावरून पुसण्याची याहून सभ्य युक्ती क्वचितच सापडेल.

२०२१ साली केंद्राने औष्णिक केंद्रांना कोळशात ५ टक्के जैवइंधनाच्या कांड्या मिसळण्याचे बंधन घातले. त्यात भर शेतातील काडीकचऱ्यावर आहे, हे मान्य. परंतु हुकमी गिऱ्हाईक उभे राहिले की ठेकेदार काडी आणि काटकी यांत भेद करीत बसेल काय? २००६ च्या वनहक्क कायद्याने झुडपी लाकूड आणि बुंधेसुद्धा गौण वनोपजात धरून त्यांवर वननिवासींची मालकी मानली आहे. गडचिरोलीतील मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. उपग्रहाला मात्र झाड दिसते, हक्क दिसत नाही.

कोथरूडहून निघणारा पौड रस्ता ज्या मुळशीकडे जातो, तेथे १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळाली, बुडाली ती मावळ्यांची भातखाचरे. आज ‘हरित ऊर्जे’च्या नावाने तोच व्यवहार लाकडाच्या बाबतीत होऊ द्यायचा नसेल, तर चूल, राब आणि देवराई आधी वजा झाली पाहिजे, आणि ती वजाबाकी ग्रामसभेत, मोळी वाहणाऱ्या बायकांसमक्ष झाली पाहिजे. तोवर कार्यकर्त्यांनी अशा कोणत्याही नकाशावर गावाची सही होऊ देऊ नये.