पाहुणी प्रणाली आणि पाठचिकित्सा

पोथीची नक्कल झाली, आता मूळ पोथी टाकून द्या, असे कोणताही पाठचिकित्सक म्हणणार नाही. संगणकावरील मराठी मजकुराच्या बाबतीत मात्र आपण नेमके हेच करीत आहोत.

युनिकोडच्या 1991 सालच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती. विंडोजमध्ये तिची सोय झाली ती विंडोज 2000 पासून. तोवर, आणि पुढेही बरीच वर्षे, प्रबंध, नियतकालिकांचे अंक, लेखकांचे कच्चे खर्डे जुन्या फाँटांत टंकले गेले. त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. फाँट नसला की उरतो रोमन अक्षरांचा निरर्थक गुंता.

असा मजकूर परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणला जातो. सोय उपयुक्त आहे. पण परिवर्तक हाही शेवटी नकलनवीसच. जुन्या फाँटांत रफार अक्षरानंतर येई, युनिकोडमध्ये तो आधी येतो. हा क्रम फिरवताना चूक झाली की ‘चर्चा’ची ‘चचार्’ होते. ही चूक सहज ओळखू येते. पण बोलीतील किंवा कवितेतील एखादे अनवट रूप समोर आले, तर ते लेखकाचे, टंकलेखकाचे की परिवर्तकाचे, हे मूळ पाहिल्याखेरीज ठरवणार कसे?

मूळ पाहण्याची वाट व्हर्च्युअल मशीनमधून जाते. व्हर्च्युअलबॉक्ससारखे सॉफ्टवेअर आजच्या संगणकाच्या मेमरीचा व डिस्कचा काही भाग घेऊन आत दुसरा, आभासी संगणक उभा करते. त्यात विंडोज एक्सपी चालते. बाहेरची प्रणाली यजमान, आतली पाहुणी. पाहुणीत जुना फाँट आणि जुने सॉफ्टवेअर बसवले की फाइल पूर्वीसारखी दिसू लागते. पाहुणीची सगळी डिस्क यजमानाच्या लेखी केवळ एक फाइल असल्याने ती जतन करणेही सोपे.

अमेरिकेतील एमरी विद्यापीठाने 2010 साली सलमान रश्दी यांचा जुना मॅकिंटॉश याच हेतूने अभ्यासकांना खुला केला. तेथे प्रोसेसरचेही अनुकरण करणारे इम्युलेटर वापरले गेले. तत्त्व मात्र तेच.

अडचणी आहेत. एक्सपीला 2014 नंतर नियमित सुरक्षा-दुरुस्त्या मिळत नाहीत, म्हणून पाहुणीला इंटरनेटपासून दूर ठेवावे लागते. परवाना आणि मूळ सीडी लागते. काही जुन्या सॉफ्टवेअरांना संगणकाच्या पाठीमागे खोचायचे कुलूपही लागे. ते हरवले तर वाट बंद.

म्हणूनच आमचे म्हणणे एवढेच: मराठी विभागांनी कपाटातील सीडी, फाँट आणि कुलपे भंगारात काढू नयेत. परिवर्तित प्रत वाचनासाठी असावी. पाठनिश्चितीसाठी मूळ फाइल, आणि ती उघडणारी पाहुणी प्रणाली, दोन्ही जपायला हव्यात.